पहिली ते चौथीचा संडे स्कूल वर्ग पहिल्यांदा घेताना

संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचा, शिक्षक व्हायला कुणी अर्ज करत नाही. रविवारची भक्ती (उपासना) संपते, चहाचा कप हातात असतो आणि पाळकसाहेब जवळ येऊन म्हणतात, "जूनपासून लहान मुलांचा वर्ग तुमच्याकडे." ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल, कुठेही जा, मराठी मंडळ्यांत (चर्चच्या समाजांत) बहुतेकांची नेमणूक अशीच होते. घरी येऊन माणूस मोबाइलवर शोधायला लागतो, तर समोर परदेशातल्या वर्गांसाठी केलेल्या रंगीत तक्त्यांचा आणि बाहुल्यांच्या खेळांचा ढीग. त्यातलं फारसं काही लागत नाही. सहा ते नऊ-दहा वर्षांच्या मुलांना एका रविवारी एक गोष्ट पुरते. ती मुलानं घरी जाऊन आजीला स्वतःच्या शब्दांत सांगितली की वर्ग झाला असं समजा. गाणं, वचन (बायबलमधली पाठ करायची ओळ), कागदकाम हे सगळं त्या गोष्टीच्या मदतीला.

वर्ग हातात घेण्याआधी

आधीचा शिक्षक असेल तर दोन-तीन रविवार त्याच्या वर्गात मागे बसा. मदत करायला जाऊ नका, नुसतं बघा. कोणतं मूल कुणाशेजारी बसलं की दंगा होतो, कोण बोलतच नाही, कोणाला वाचता येत नाही म्हणून ते हसण्यावारी नेतं, हे मागून दिसतं तसं पुढून दिसत नाही.

मग एक वही करा. मुलाचं नाव, इयत्ता, शाळेचं माध्यम, आईवडिलांचा फोन, कुठल्या खाण्याची ॲलर्जी आहे का, आणि वर्ग सुटल्यावर मुलाला न्यायला कोण येणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "काका आलेत" असं मूल म्हणालं म्हणून त्याला सोडायचं नाही. वहीत नाव असलेल्याच माणसाबरोबर सोडायचं. मंडळीत सगळे एकमेकांना ओळखतात हे खरं, पण नाताळच्या गर्दीत कोण कुणाचं हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

फोटोंचंही आधीच विचारून ठेवा. मुलांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आपल्याकडे घाई असते. आईवडिलांची लेखी परवानगी असेल तरच टाका, आणि मुलाचं पूर्ण नाव, शाळा लिहू नका.

सुरक्षेचे नियम, ज्यात सवलत नाही

वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, शक्यतो वेगवेगळ्या घरातली. दार उघडं, किंवा दाराला काच. एका मुलाला एकट्यानं खोलीत थांबवून समजावणं, गाडीवर एकट्याला घरी सोडणं, हे चांगल्या मनानंही करायचं नाही. शौचालयाला लहान मुलांना जोडीनं पाठवा आणि एका मोठ्यानं बाहेर थांबावं. पहिलीतल्या मुलाला चेन लावता येत नसेल तर मदत करावी लागते. ती दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून करा.

एखाद्या मुलानं काही सांगितलं, किंवा तुम्हाला लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे ती गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. "आधी कमिटीत बोलू", "मंडळीचं नाव खराब होईल", "माणूस जुना आहे" ही वाक्यं अशा वेळी हमखास ऐकू येतात. ती ऐकून घ्या आणि फोन करा. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नका, जे बोललं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन त्याला देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

जागा आणि वेळ

नवी मुंबईत बऱ्याच मंडळ्या भाड्याच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात भरतात. ठाण्यात जुनी चर्चं आहेत तिथेही एकाच इमारतीत सकाळी एका भाषेची भक्ती, नंतर दुसऱ्या भाषेची. म्हणजे खोली वेळेवर रिकामी करून द्यायची. तुमच्या वाट्याला जिन्याखालची जागा किंवा व्हरांड्याचा कोपरा येईल. चालेल. चटई टाका, मुलांची पाठ रस्त्याकडे आणि तोंडं भिंतीकडे करा, तुम्ही भिंतीला टेकून बसा. खुर्चीवर बसू नका. मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत असलात की आवाज चढवावा लागत नाही.

45 मिनिटं मिळत असतील तर गाण्याला आणि प्रार्थनेला मिळून दहा, गोष्टीला बारा-पंधरा, गप्पांना आणि वचनाला दहा, उरलेली हातानं काही करायला. गोष्ट पंधराच्या पुढे गेली की पहिलीतली मुलं चपला घालायला लागतात.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, हे विसरू नका. ठाणे-वाशी-नेरूळ ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल त्या दिवशी घणसोली-कोपरखैरण्याहून येणारी निम्मी मुलं उशिरा येतात किंवा येतच नाहीत. शनिवारी वेळापत्रक बघून पालकांना ग्रुपवर कळवा, आणि त्या रविवारी नवी गोष्ट सुरू न करता मागचीच खेळून घ्या.

गोष्ट निवडणं

पहिल्या वर्षासाठी ज्या गोष्टींत एखादं मूल आहे किंवा एकच ठळक घटना आहे अशा घ्या. रात्री हाक ऐकणारा छोटा शमुवेल. नामानाच्या घरातली ती मुलगी, जिचं नावही बायबलमध्ये दिलेलं नाही पण जिच्या एका वाक्यामुळे सेनापती बरा होतो. पाच भाकरी आणि दोन मासळ्या. चारही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) ही गोष्ट आहे, पण भाकरी एका मुलाजवळ होत्या हे फक्त योहान सांगतो. हरवलेलं मेंढरू, चांगला शोमरोनी, दावीद आणि गल्याथ, वादळ शांत करणं, जक्कय.

इसहाकाचं अर्पण, मिसरातल्या ज्येष्ठ पुत्रांचा मृत्यू या गोष्टी या वयाला नकोत. मूल तिथे अब्राहामाचा विश्वास बघत नाही, सुरी बघतं, आणि रात्री बाबांकडे वेगळ्या नजरेनं बघतं. नोहाचं तारू सगळ्या चित्रपुस्तकांत हत्ती-जिराफांसह असतं, पण "बाकीचे बुडाले का?" हा प्रश्न येतोच, उत्तर तयार असेल तरच ती घ्या. वधस्तंभाची गोष्ट सांगायची ती पुनरुत्थानासकट, एकाच बैठकीत. सात वर्षांच्या मुलाला आठवडाभर कबरीपाशी थांबवून ठेवू नका.

गोष्ट तयार करणं

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बुधवारी बायबलमधला उतारा तीनदा वाचा, पाठपुस्तकातला सारांश नाही. मग पुस्तक मिटून स्वतःला मोठ्यानं सांगा. जिथे अडखळाल तिथे तुम्हालाच गोष्ट माहीत नाही. शुक्रवारी पुन्हा, यावेळी भाजी निवडताना किंवा लोकलमध्ये मनातल्या मनात. रविवारी हातात कागद नको. बायबल उघडं मांडीवर असू द्या, म्हणजे ही गोष्ट कुठून आली ते मुलांना दिसतं.

उदाहरणाला जक्कय घेऊ, लूकचा 19 वा अध्याय. तुमच्यापुढची मुलं ठाण्याची. जकातदार म्हणजे कोण ते त्यांना सांगावं लागेल. मुलुंड चेक नाका, जकात नाका ही नावं बसच्या पाटीवर त्यांनी वाचलेली आहेत, पण मुंबईतली जकात 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली आणि ऑक्टोबर 2024 पासून ऐरोली, वाशी, मुलुंडच्या टोलनाक्यांवर छोट्या गाड्यांना पैसेही पडत नाहीत. म्हणून असं सांगा: नाक्यावर एक माणूस बसलाय. पावती पाच रुपयांची, हा घेतो वीस. पंधरा कुठे गेले? मुलं लगेच ओरडतात, "खिशात!" झालं, जक्कय कळला. आता त्याच्याशी कुणी का बोलत नाही हे समजावून सांगायची गरज उरत नाही.

पुढे गर्दी. दादर स्टेशन म्हणा किंवा गडकरी रंगायतनच्या बाहेरची गणपतीतली गर्दी म्हणा, मुलांना ती कमरेच्या उंचीवरून माहीत आहे. समोर फक्त पँटी आणि पिशव्या दिसतात. बुटका जक्कय त्यांचाच झाला. मराठी बायबलमध्ये तो उंबराच्या झाडावर चढतो. उंबर मुलांनी पाहिलेला नसेल तर येऊरच्या पायथ्याशी किंवा एखाद्या मंदिराच्या आवारात दाखवायला आईबाबांना सांगा. श्रीमंत, वयानं मोठा माणूस झाडावर चढतो याचं त्यांना हसू येईल. हसू द्या. लोकही हसलेच असणार.

मग येशू थांबतो आणि वर बघतो. इथे तुम्हीही थांबा. खरोखर थांबा, तीन-चार सेकंद, आणि वर बघा. मुलं वर बघतात. मग त्याला नावानं हाक मारा. जक्कयाला आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी प्रेमानं नावानं हाक मारली असेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मनात ठेवा. शुभवर्तमानात ते लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं आहे तेवढंच "असं झालं" म्हणून सांगायचं आणि आपली कल्पना "असं झालं असेल का रे?" म्हणून विचारायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

शेवटी हिशेब. जक्कय म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. तिसरी-चौथीच्या मुलांना हे गणित द्या: त्यानं 15 जास्त घेतले होते, आता किती परत देणार? साठ! पहिलीवाल्यांसाठी शेंगदाणे मोजून दाखवा. नंतर शेंगदाणे वाटून खायचे, म्हणूनच ती ॲलर्जीची नोंद.

आणि इथे थांबायचं. "म्हणून मुलांनो, आपण कधीही..." हे वाक्य जिभेवर येतंच, कारण आपण सगळे तसंच ऐकत मोठे झालो. ते गिळा. त्याऐवजी प्रश्न विचारा: येशू घरी येणार म्हटल्यावर जक्कयाच्या बायकोला काय वाटलं असेल? गर्दीतल्या लोकांना राग का आला? तू झाडावर असतास तर खाली उतरला असतास का? चूक-बरोबर उत्तर नसलेले प्रश्न. मुलांच्या उत्तरांतून गोष्ट कुठे पोचली ते कळतं, आणि बहुतेक वेळा ती तुम्ही काढणार होतात त्या तात्पर्याच्या पुढे गेलेली असते.

याच पद्धतीनं आपल्या भागातल्या बाकीच्या गोष्टी शोधा. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्याजवळची मुलं जाळी सुकताना बघतात. गालीलचे कोळी त्यांना चित्रात दाखवावे लागत नाहीत. मासुंदा तलावात होडीत बसलेल्या मुलाला होडी डुलली की पोटात काय होतं ते माहीत आहे. "आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा" हे सांगायला खाडीतल्या रोहित पक्ष्यांइतकं चांगलं साधन कुठे मिळणार, हिवाळ्यात ऐरोली-नेरूळच्या बाजूला ते हजारोंनी उतरतात.

मुलांचे प्रश्न

हे तुमच्या तयारीच्या बाहेरचे. आपल्याकडे हमखास येणारा: "माझा बेस्ट फ्रेंड गणपती बसवतो. देव त्याच्यावर रागावेल का?" उत्तर छोटं हवं आणि खरं हवं. देवाचं त्याच्यावर प्रेम आहे, तू त्याचा चांगला मित्र राहा. इतकंच. वर्गात दुसऱ्या कुणाच्या देवाची, सणाची, नमाजाची टिंगल होणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि स्वतःही पाळा. तुमचं एखादं वाक्य सोमवारी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये जसंच्या तसं बोललं जातं, आणि त्याचे टोले त्या मुलाला खावे लागतात. "मोदक खाल्ला तर चालतो का?" याचं उत्तर प्रत्येक घरानं आपापलं ठरवलेलं असतं; ते आईबाबांकडे पाठवा, त्यांना खोटं पाडू नका.

कधी हेच मित्र वर्गाला येतात, गाणी आवडतात म्हणून. त्यांच्या पालकांना तुम्ही स्वतः भेटा, इथे काय शिकवतो ते सांगा, लेखी संमती घ्या. संमती नसेल तर मुलाला प्रेमानं घरी पोचवा. "तूही आता आमच्यासारखा हो" असलं काही लहान मुलाला कुणीही बोलायचं नाही.

कुणाची आजी गेलेली असते. "ती कुठे आहे?" मंडळी जे मानते ते साध्या शब्दांत सांगा आणि मग आजीबद्दल विचारा, ती काय करायची, काय बनवायची. "देवाला ती आवडली म्हणून त्यानं नेली" असं म्हणू नका. पुढच्या वेळी आई आजारी पडली की ते मूल देवालाच घाबरतं. उत्तर येत नसेल तर "मी पाळकांना विचारून पुढच्या रविवारी सांगते" म्हणा, आणि खरंच सांगा.

भाषा

ठाण्या-नवी मुंबईतली आपली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, पण देवनागरी अक्षर लावत लावत वाचतात. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं आहे, तरी बायबलमधली "आहा", "करावयास" ही मराठी त्यांना जड जाते. गोष्ट आपल्या रोजच्या बोलीत सांगा, मध्ये दोनच ओळी पवित्र शास्त्रातून वाचा. यात कमीपणा काही नाही. साध्या माणसाला, विशेषतः फारसं न शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि ते 1924 मध्ये छापून निघालं.

शक्य असेल तर पाच मिनिटं वाचनाला द्या. संडे स्कूलची चळवळ मुळात तिथूनच वाढली. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं 1780 मध्ये वर्ग काढले ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी वाचायला शिकवण्यासाठी. ज्याला वाचता येत नाही त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. त्याला शेवटचा एकच शब्द द्या.

वचन आणि गाणी

महिन्याला एक वचन पुरे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" (स्तोत्र 23:1) चार रविवार टाळ्यांवर, मग कुजबुजत, मग एकेक शब्द गाळून. "उणे" त्यांना वजाबाकीतून माहीत आहे, तिथून समजवा. शिक्षा म्हणून वचन लिहायला लावणं बंद. पाठांतराला चॉकलेट देण्याच्याही मी विरोधात आहे. तीन रविवारांत मुलं वचन नाही, चॉकलेट पाठ करतात.

हातवारे असलेली दोन-तीन गाणी ठेवा आणि तीच वर्षभर गा. रेव्ह. नारायण वामन टिळकांना मराठीनं फुलामुलांचे कवी म्हटलं. त्यांच्या एखाद्या पदाचं एक कडवं शिकवलंत तर मोठ्यांच्या भक्तीत ते पद लागल्यावर मुलं आपोआप मान वर करतात.

हस्तकला

जुन्या लग्नपत्रिका, आइस्क्रीमच्या काड्या, वर्तमानपत्र, खळ. गणपतीनंतर कुणाकडे शाडू उरलेला असतो, तो मागून आणा. काही विकत घ्यायचंच तर जांभळी नाक्याच्या बाजारात घाऊक स्वस्त पडतं. वस्तू सुंदर व्हायची गरज नाही. ती घरी नेऊन मुलानं "हे काय?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं, एवढ्यासाठी ती.

वर्षाचा अंदाज

जून-जुलैत पावसानं हजेरी निम्मी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. मे महिन्यात बरीच कुटुंबं गावाला, अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडे, म्हणून व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) एप्रिलच्या शेवटी उरकलेली बरी. नोव्हेंबरपासून नाताळच्या नाटकाची तालीम सुरू होते आणि शिकवणं मागे पडतं. त्याला इलाज एकच: नाटकातले संवाद पाठ करून घेण्याऐवजी मुलांना गोष्ट आधी सांगा आणि संवाद त्यांनाच त्यांच्या शब्दांत बोलू द्या. प्रत्येकाला काम हवं. मरीया एकच असते, मेंढरं मात्र कितीही चालतात. पहिलीतल्यांना मेंढरूच व्हायचं असतं.

कॅथलिक धर्मग्रामात हा क्रम वेगळा असतो. तिथे कॅटेकिझमचा (धर्मशिक्षणाचा) अभ्यासक्रम ठरलेला, आणि तिसरी-चौथीच्या सुमारास पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी, त्यामुळे काय शिकवायचं ते फादर आणि समन्वयक सांगतात. गोष्ट सांगायची रीत मात्र तीच चालते.

तुम्ही एखाद्या रविवारी येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत दुसऱ्या शिक्षकाला कळवा आणि वही, चटई, खडूंचा डबा कुठे ठेवलाय तेही सांगा. वर्गाची किल्ली घरी नेऊ नका.